काल काय खाल्लं होतं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आमच्या सरांच्या हाताखाली मी वर्षभर काम केलं. त्यांच्या चिठ्ठीवर नाव, वय आणि गाव यांच्यानंतर चौथी ओळ असे : काल काय खाल्लं. ताप असो, खोकला असो, पाठ धरलेली असो, ती ओळ रिकामी राहिलेली त्यांना खपत नसे. बाहेर बाकावर वीस माणसं ताटकळत असायची आणि सर आत एखाद्या आजींना विचारत असायचे, भाकर होती की पोळी? सोबत काय होतं? किती वाजता जेवलात? मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटे. आज मी जे बोलणार आहे ते सगळं त्या चौथ्या ओळीबद्दल आहे.

आपल्या भागात पोटाची तक्रार घेऊन आलेला माणूस बहुधा एकच शब्द उच्चारतो. ‘गॅस झाला जी.’ या एका शब्दात छातीतली जळजळ येते, आंबट ढेकर येतात, पोट गच्च होणं, गुडगुडणं, जेवल्याबरोबर शौचाची घाई, दोन-दोन दिवस पोट साफ न होणं, हे सगळं येतं. कधी कधी हृदयविकाराचा झटकाही याच शब्दाच्या पांघरुणाखाली येतो आणि त्यात माणसं गेलेली मी पाहिली आहेत. औषधाच्या दुकानातही हाच शब्द चालतो. माणूस म्हणतो ‘गॅसची गोळी द्या’, आणि हातात पडते आम्ल कमी करणारी गोळी. आम्ल जठरात तयार होतं; पोट फुगवणारी हवा बहुतेक वेळा मोठ्या आतड्यात तयार होते. या दोन जागांच्या मध्ये काही मीटर लांबीचं लहान आतडं आहे. वरची गोळी खालच्या हवेला काय करणार?

ही चूक मी स्वतः केली आहे. एक शिक्षिका माझ्याकडे येत असत. रोज अकराच्या सुमारास, वर्गात उभ्या असताना, त्यांचं पोट फुगायला लागायचं. ‘साडीची गाठ सैल करावी लागते, पोट ढोलावानी होते,’ असं त्या म्हणत. मी दीड वर्ष त्यांना आम्लाची गोळी देत होतो. सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, जंताचं औषध दिलं. सगळं नीट, आणि पोट तसंच. शेवटी एक दिवस मी सरांची चौथी ओळ विचारली आणि त्यांनी सरळ सांगितलं : वजन उतरावं म्हणून पहाटे उपाशीपोटी कोमट पाण्यात दोन मोठे चमचे मध, नऊ वाजता पोळीऐवजी एक मोठं सफरचंद, आणि तोंड कोरडं पडतं म्हणून पर्समध्ये बिनसाखरेच्या गोळ्या. तब्येतीसाठी चांगलं म्हणून जे जे त्यांनी सुरू केलं होतं, त्या सगळ्यात एकच गोष्ट होती : फ्रुक्टोज किंवा त्याचा जवळचा नातलग. मध थांबवा, सफरचंदाऐवजी केळ घ्या, गोळ्या फेका, एवढंच मी सांगितलं. दहा दिवसांत फरक पडला. दीड वर्ष मी हे का विचारलं नाही, याची बोच अजून जात नाही.

फ्रुक्टोज म्हणजे फळांतली साखर. फलशर्करा हा तिचा पुस्तकी शब्द. १८४७ मध्ये दुब्रुनफॉ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती वेगळी ओळखली. ग्लुकोजची ही सख्खी बहीण. दोघींत तेवढेच कार्बन, तेवढाच हायड्रोजन, तेवढाच ऑक्सिजन, फक्त मांडणी निराळी. पण आतड्याच्या दारात दोघींना मिळणारी वागणूक फार वेगळी आहे.

यवतमाळात कापसाचा हंगाम पाहिलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. ग्लुकोजचं दार असं आहे की सोडियमच्या जोरावर गाडी आत ओढून घेतली जाते. बाहेर गाडी एकच असो की पन्नास, आतून ओढणारे हात आहेत. फ्रुक्टोजच्या दाराला हे हात नाहीत. त्याचं स्वतःचं दार आहे, शास्त्रज्ञ त्याला ग्लूट-५ म्हणतात. त्यातून उतारावरून गाडी आपोआप सरकावी तेवढीच साखर आत जाते. दारं किती आणि किती रुंद हे प्रत्येकाच्या आतड्यात वेगळं. कोपनहेगनच्या रूमेसेन आणि गुडमंड-होयर यांनी १९८६ मध्ये दहा निरोगी माणसांना वेगवेगळ्या मात्रेत फ्रुक्टोज पाजून हे मोजलं. कुणाची क्षमता ५ ग्रॅमपेक्षा कमी निघाली, कुणाची ५० ग्रॅमच्याही वर. सगळी माणसं धडधाकट. एकाच घरात, एकाच टोपल्यातले आंबे खाऊन, एक भाऊ झोपतो आणि दुसरा रात्रभर पोट धरून बसतो, त्याचं कारण इथे आहे. दुसऱ्याचं ‘पोट नाजूक’ नाही, त्याचं फाटक अरुंद आहे.

फाटकात शिरता न आलेल्या गाड्यांचं काय होतं? त्या पुढे, मोठ्या आतड्यात जातात. तिथे काय घडतं हे केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीकडच्या माणसांना मी काय सांगू? फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली मोहफुलांचा सडा पडतो, बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. ती वाळलेली फुलं पाण्यात भिजत घातली की तीन-चार दिवसांत माठ फसफसू लागतो. फुलातली साखर आणि सूक्ष्म जीव एकत्र आले की हवा सुटणारच. मोठ्या आतड्यात तोच प्रकार होतो. फरक एवढा की तिथे हे काम यीस्टऐवजी जिवाणू करतात आणि दारूऐवजी हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्यात मिथेन आणि काही मेदाम्लं तयार होतात. शिवाय न शोषलेली साखर आपल्याकडे पाणी ओढते. हवेने पोट ताणतं, पाण्याने जुलाब होतात. ही मेदाम्लं आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडतात, हेही लक्षात ठेवा. थोडं आंबणं रोजच्या आरोग्याचा भाग आहे. तक्रार तेव्हा येते जेव्हा एकाच वेळी फार साखर उतरते, किंवा आतड्याच्या नसाच अशा हळव्या झालेल्या असतात की थोड्या ताणानेही कळ उठते. या दुसऱ्या अवस्थेला आम्ही इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतो. फ्रुक्टोजचा आणि त्याचा घरोबा आहे.

मोहफुलात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात. आणि इथून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. फ्रुक्टोजला सोबत कुणाची आहे, यावर बरंच अवलंबून आहे. बरोबर ग्लुकोज असेल तर फ्रुक्टोज अधिक चांगलं शोषलं जातं. त्यामुळेच एक गोष्ट होते जी पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. साधी साखर किंवा गूळ, म्हणजे सुक्रोज, ही निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज अशी जोडी. आतड्याच्या भिंतीवर ती तुटते आणि दोघी बहिणी हातात हात घालून आत जातात. म्हणून गुळाच्या चहाने सहसा पोट फुगत नाही. मधात मात्र फ्रुक्टोज साधारण ३८ ते ४० टक्के आणि ग्लुकोज ३१ टक्क्यांच्या आसपास, जोडी सुटलेली. सफरचंदात १०० ग्रॅममागे फ्रुक्टोज सुमारे ६ ग्रॅम, ग्लुकोज अडीच ग्रॅमच्याही आत, आणि त्यात थोडं सॉर्बिटॉल, म्हणजे बिनसाखरेच्या गोळ्यांत असतो तो फ्रुक्टोजचा नातलग. टरबुजात फ्रुक्टोज ग्लुकोजच्या दुप्पट. केळ्यात दोन्ही जवळजवळ समान, संत्र्यातही तसंच. गूळ चांगला आणि सफरचंद वाईट असा याचा अर्थ कुणी काढू नये. मधुमेह, वजन, दात यांचा हिशोब वेगळा आहे. मी फक्त फुगलेल्या पोटाबद्दल बोलतो आहे. आणि फळासोबत ग्लुकोजची पावडर खाल्ली की झालं, असंही नाही; शोषण सुधारलं तरी हळव्या आतड्याची तक्रार तेवढ्याने जाईलच असं नाही.

आंबा. या सभागृहात आंब्याबद्दल सावधपणे बोलावं लागेल. पक्व आंब्यात १०० ग्रॅममागे साधारण पावणेपाच ग्रॅम फ्रुक्टोज आणि दोन ग्रॅम ग्लुकोज असतं. शिवाय सुक्रोज आहे, पण ते जोडीने जातं. म्हणजे दोन मोठ्या वाट्या रस, समजा ३०० ग्रॅम, घेतला तर जवळपास ८ ग्रॅम फ्रुक्टोज सोबतीशिवाय उरतं. ज्याचं फाटक रुंद त्याला काहीच होणार नाही. ज्याचं अरुंद, तो लग्नाच्या पंगतीतून उठून मांडवामागे जाईल. आपल्या बायका रसात तुपाची धार सोडतात, चिमूटभर सुंठ घालतात आणि रस पोळीबरोबर वाढतात. तुपामुळे आणि जेवणामुळे जठर सावकाश रिकामं होतं, साखर एकदम कोसळत नाही, थोडी थोडी फाटकापाशी येते. तोच आंबा दुपारी चार वाजता, उपाशीपोटी, मिक्सरमधून पेलाभर प्यायला की हिशोब बदलतो. फळ चावून खाणं आणि फळ पिणं यांत मी फार फरक करतो. एका पेल्याच्या रसात तीन-चार फळं जातात. तेवढी फळं एका बैठकीत चावून खाणारा माणूस विरळा.

लहान मुलांच्या बाबतीत हा फरक अधिकच महत्त्वाचा आहे, आणि पावसाळा सुरू असल्याने इथे मी थोडा थांबतो. जुलाब लागलेल्या मुलाला जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, द्यायची. तिच्यात दर लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ठरावीक मीठ असतं, कारण ग्लुकोजच्या त्या ओढणाऱ्या दारातून साखरेबरोबर सोडियम आत जातं आणि त्यामागे पाणी जातं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईनच्या बाटल्या संपल्यावर असंच पाणी पिंपातून पाजून असंख्य जीव वाचवले. फ्रुक्टोजला ते दार नाही. तरीही वर्षानुवर्षं आपल्याकडे खोक्यातली गोड फळपेयं जलसंजीवनीसारख्या नावाने औषधाच्या दुकानात विकली गेली, आणि जुलाब झालेल्या लेकरांच्या आया विश्वासाने ती पाजत राहिल्या. त्यातली जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढवते. २०२५ च्या ऑक्टोबरात देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला बंदी घातली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी कित्येक वर्षं झुंज दिली. आशाताई देतात ती साधी पुडी, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी; यापेक्षा दुसरं काही शोधू नका. आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिभेवर मध लावू नका. तिथे कारण दुसरं आहे, मधातल्या एका जिवाणूचं विष, पण धोका खरा आहे.

उद्या आषाढी एकादशी. काल कांदेनवमी झाली. कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याचा झुणका. घराघरांत कांदा संपवला गेला, कारण आता कार्तिकीपर्यंत अनेक घरांत कांदा-लसूण बंद. माझ्या दवाखान्यातला एक अनुभव सांगतो. आषाढातल्या दशमीला, म्हणजे आजच्या दिवशी, पोटाचे रुग्ण वाढतात. आणि श्रावण-भाद्रपदात काही जुने रुग्ण येऊन सांगतात की औषध न घेताही पोट हलकं आहे. पुण्य वगैरे असेलच, पण त्याच्या जोडीला एक साधं कारण आहे. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टोजच्या लांब साखळ्या असतात, त्यांना फ्रुक्टन म्हणतात. त्या तोडणारं पाचकद्रव्य माणसाजवळ नाहीच. कुणाजवळच नाही. त्या सगळ्याच मोठ्या आतड्यात पोचतात आणि आंबतात.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ मध्ये अशा आंबणाऱ्या छोट्या साखरांना एकत्र नाव दिलं, फॉडमॅप. त्यांचा उपाय असा : दोन ते सहा आठवडे या साखरा कमी करा, मग एकेक परत आणा, आणि कोणती किती सोसते ते पाहा. म्हणजे आधी चातुर्मास, मग कांदेनवमी. आपल्या पंचांगाने हे वैद्यकासाठी केलं नव्हतं, आणि आमच्या पूर्वजांना फ्रुक्टन ठाऊक होतं असा दावा मी करणार नाही. पण चार महिने थांबून पुन्हा सुरू करायची सवय ज्या समाजाच्या हाडात आहे, त्या समाजाला हा उपाय शिकवणं सोपं आहे, हे मला आनंदाचं वाटतं.

यातला दुसरा भाग लोक विसरतात, तो म्हणजे परत आणणं. एखादी यादी मोबाइलवर येते आणि घरातली सून कायमची कांदा, लसूण, गहू, डाळ, फळं, दूध सगळं सोडते. सहा महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन पाहिलं की जीव गोळा होतो. हे निर्बंध फार लांबले तर आतड्यातले उपयोगी जिवाणूही रोडावतात. आपल्या जिल्ह्यात ज्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, कोलाम आई पोटाला चिमटा घेऊन मुलाला वाढवते, तिथे मी कुणाचं एक फळ काढून घेणार नाही. मोहफुलं भाजून, कुटून, भाकरीसोबत खाण्याची तिची रीत अजिबात मोडू नये. एका पोडावर एका बाईने मला विचारलं होतं, मोहाचा लाडू पोराला देऊ का नको. मी म्हणालो, द्या, जेवणावर एक द्या.

ज्वारीच्या बाजूने एक शब्द बोलतोच, कारण ती या मातीची आहे. ज्वारीत फ्रुक्टन फारच कमी. गेल्या दोन पिढ्यांत शेतातून ज्वारी हटून कापूस आणि सोयाबीन वाढलं, रेशनवर गहू-तांदूळ आले, आणि भाकरीच्या ताटात पोळी आली. पोळीने कुणाचं वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण ज्याचं पोट रोज फुगतं त्याने पंधरा दिवस पोळीऐवजी ज्वारीची भाकर खाऊन पाहावी, हा मी देऊ शकतो असा सगळ्यांत स्वस्त सल्ला आहे. मात्र भाकरीसोबत पिठलं आणि तुरीचं वरण भरपूर असेल तर तिथेही आंबणाऱ्या साखरा आहेतच. फक्त त्या वेगळ्या जातीच्या आहेत.

एक चाचणीही आहे. रात्रभर उपाशी ठेवून २५ ग्रॅम फ्रुक्टोज पाण्यातून देतात आणि तीन तास ठरावीक अंतराने फुंकर मारायला लावतात. आतड्यात तयार झालेला हायड्रोजन रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासात सापडतो. तो दहा लाखांत २० भागांनी वाढला तर चाचणी होकारार्थी. आपल्या तालुक्याच्या गावी ती होत नाही, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. अनेक निरोगी माणसांतही ती होकारार्थी येते. ज्याला त्रासच नाही त्याच्या श्वासातल्या आकड्याचं काय करायचं? वही आणि पेन्सिल बहुतेकांना पुरते.

वहीने भागत नाही असं केव्हा, हे सांगितल्याशिवाय मी बसणार नाही. शौचात रक्त, न सांगता उतरणारं वजन, रोज संध्याकाळी ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच बदललेली शौचाची सवय, यातलं एकही असेल तर मध-सफरचंदाचा विचार सोडून थेट तपासणीला या. आतड्याचा क्षय आपल्या देशात आजही आहे, आणि तो सुरुवातीला ‘गॅस’ म्हणूनच येतो. आणखी एक अतिशय विरळा आजार आहे, १९५६ मध्ये प्रथम नोंदला गेलेला. त्यात यकृतातलं एक एन्झाइम जन्मतःच नसतं. बाळाला फळ, गूळ किंवा साखर सुरू करताच उलट्या होतात, रक्तातली साखर घसरते, यकृत बिघडतं. संबंध फ्रुक्टोजशीच असला तरी तो आजार अगदी वेगळा, आणि त्यात गूळसुद्धा विष ठरतो. असं बाळ दिसलं तर वाट पाहू नका.

त्या शिक्षिका परवा भेटल्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी रस खाल्ला का, असं मी विचारलं. दुपारच्या जेवणात, पोळीसोबत, तूप घालून, एक वाटी. दुसरी वाटी एकदा घेऊन पाहिली, तेव्हा संध्याकाळी पोट फुगलं, म्हणून त्यांनी आपली रेघ एका वाटीवर आखली आहे. मध आता भाचीच्या घरी दिला.

उद्यापासून ज्यांच्या घरी कांदा-लसूण बंद होईल, त्यांनी आजच एक छोटी वही करा. आज पोट कसं आहे ते लिहा. मग आठवड्यातून एकदा लिहीत जा. उपवासाच्या दिवशी खजूर, फळं, मध किती झालं तेही लिहा. कार्तिकीनंतर पहिला कांदा कोणत्या दिवशी खाल्ला, किती, कच्चा की तळलेला, सोबत भाकर होती की पोळी, आणि रात्री काय झालं, तेवढं टिपून ती वही घेऊन या. सकाळी नऊ ते एक मी दवाखान्यात असतो.